ज्या सोफ्यावर बसून बुकिंगचा चेक दिला, तो सोफा डीपी रोडवर होता

२०१८ च्या जानेवारीत आम्ही फ्लॅट बुक केला. घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या बाजूला, वाघबीळ-कावेसर पट्ट्यात. सेल्स ऑफिसमध्ये भिंतभर नकाशा लावलेला, त्यावर सेल्सवाला मुलगा लेझरचा लाल ठिपका फिरवत सांगत होता की हा बघा सर २० मीटरचा डीपी रोड, तुमच्या गेटसमोरून निघतो तो थेट घोडबंदर रोडला, पाच मिनिटं धरा. बायकोने विचारलं, कधी होणार? तर म्हणाला पझेशनच्या आधीच मॅडम, डीपीतच आहे ना तो. आम्हाला वाटलं डीपीत आहे म्हणजे झालाच. डीपी म्हणजे विकास आराखडा, ठाण्याचा १९९९ साली मंजूर झालेला, त्यात ती रेघ तेव्हापासून होती, म्हणजे आमची मुलगी जन्मायच्या कितीतरी आधीपासून, आणि तेवढी वर्षं ती रेघच होती हे काही आमच्या डोक्यात आलं नाही. चेक दिला, कॉफी प्यायलो, कारंज्यासमोर फोटोपण काढला.

२०२१ ला पझेशन मिळालं. रस्ता नाही.

जायला-यायला होती ती गावठाणातली गल्ली. एका बाजूला घरांचे ओटे, दुसऱ्या बाजूला गटार, मध्ये कशीबशी सहा मीटर. सकाळी सात-दहाला स्कूलबस आत येणार आणि त्याच वेळी पाण्याचा टँकर बाहेर पडणार, हे रोजचं. मग टँकरवाला आरसा मिटवून घेतो, बसचा क्लीनर उतरून "आन दे, आन दे" करतो, कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर बसच्या पिवळ्या रंगाचे पट्टेच पट्टे उठलेत आणि त्या घरातल्या आजी दारात उभ्या राहून दोघांनाही शिव्या घालतात. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांच्या दारातून आमचे तीन टॉवर रोज जात होते. बाहेर मेन रोडला मेट्रो ४ चं काम, बॅरिकेड, गुजरातकडे जाणारे कंटेनर, ते वेगळंच.

सोसायटीची पहिली कमिटी झाली तेव्हा मी मीटिंगला उशिरा पोचलो, आणि उशिरा येणाऱ्याला जे मिळतं ते मिळालं. "रस्त्याचं तुम्ही बघा." मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, रस्त्याशी माझा संबंध त्यावरून गाडी चालवण्यापुरता.

पहिलं काम म्हणजे रात्री जेवण झाल्यावर ॲग्रीमेंट काढलं. खरं सांगतो, रजिस्ट्रेशनच्या दिवशी आम्ही दोघांनी त्याच्या पानापानावर सह्या केल्या होत्या आणि एकही पान वाचलं नव्हतं. कार्पेट एरिया आणि पैशांचे टप्पे बघितले, बस. आता वाचायला घेतलं तर रस्त्याचं कलम सापडलं पान ४१ वर, आणि इंग्रजीतून सरळ मराठीत सांगायचं तर ते असं होतं की विकासक लेआऊटमधून जाणारा डीपी रस्ता विकसित करेल, पण "जागेचा ताबा मिळण्याच्या अधीन राहून", "सक्षम प्राधिकरणाच्या सूचनांनुसार" आणि "शक्य तितक्या लवकर". तारीख नाही. लांबी नाही. कुठून कुठपर्यंत ते नाही. नाही केला तर काय, तेही नाही. आणि खाली एक ओळ की ब्रोशर आणि नकाशे केवळ माहितीसाठी आहेत. तो लाल ठिपका म्हणजे केवळ माहिती.

मग महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साईटवर प्रोजेक्टचं पान उघडलं. तिथे कामांचा तक्ता असतो, त्यात अंतर्गत रस्ते व फुटपाथ, होय, १०० टक्के. खरंच होते, टॉवरभोवती पेव्हर ब्लॉक लावलेले. डीपी रोडचा त्यात उल्लेखच नाही कारण तो अंतर्गत रस्ता नाहीच. रेराच्या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत, अंतर्गत विकासकामं आणि बाह्य विकासकामं, आणि प्रकल्पाच्या कडेची किंवा बाहेरची पण प्रकल्पासाठी लागणारी रस्त्याची कामं बाह्यमध्ये येतात, पण तीही स्थानिक कायद्याने जेवढी लादलेली असतील तेवढीच. म्हणजे गाडी पुन्हा पालिकेने परवानगी देताना काय लिहून घेतलं इथेच येऊन थांबते. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते चौदाव्या मजल्यावरच्या काकांमुळे.

काका नगररचना खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, संध्याकाळी खाली बाकावर बसतात, कुणाशी फार बोलत नाहीत. मी ॲग्रीमेंटची झेरॉक्स घेऊन गेलो तर त्यांनी हातात पण घेतली नाही. "ब्रोशर ठेव बाजूला, हे पण ठेव बाजूला. सीसीच्या अटी आण." सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायचं प्रमाणपत्र. मी म्हटलं ते तर मिळालंय ना, त्यात काय बघायचं. ते म्हणाले, "मिळालंय रे, पण कशाच्या बदल्यात मिळालंय ते त्यात लिहिलेलं असतं."

आरटीआय टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका पानावर मोठ्या तावात पाच प्रश्न, रस्ता का झाला नाही, कोण जबाबदार, कधी होणार वगैरे. ३० दिवस थांबलो आणि उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. चूक माझीच. काका हसले, म्हणाले का-कधी-कोण विचारायचं नाही, कागद मागायचा, कागदाचं नाव घेऊन. दुसऱ्या अर्जात मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: मंजूर लेआऊटची प्रत, सीसी सर्व अटींसह, डीपी रस्त्याखालच्या क्षेत्राची ताबा पावती, त्यापोटी दिलेल्या टीडीआरच्या (जागेच्या बदल्यात मिळणारा जादा बांधकामाचा हक्क) प्रमाणपत्राची प्रत, दिलेल्या वापर परवान्यांच्या प्रती, आणि फाईल प्रत्यक्ष बघायची परवानगी. पानाला २ रुपये, नकाशाचे वेगळे. एवढं सगळं सवाशे-दीडशे रुपयांत आलं आणि ॲग्रीमेंटच्या स्टँप ड्युटीत माझे लाखो गेलेले.

सीसीच्या अटी मराठीत असतात आणि त्यांची एक लय असते: जोत्यापूर्वी अमुक, वापर परवान्यापूर्वी तमुक. आमच्या लेआऊटला दोन अटी कामाच्या निघाल्या. एक, डीपी रस्त्याखालचं क्षेत्र पालिकेच्या नावे झाल्याचा सातबारा सादर करणे. दोन, वापर परवान्यापूर्वी लेआऊटमधून जाणारा २० मीटर रुंद डीपी रस्ता विकसित करून संबंधित विभागाचा नाहरकत दाखला सादर करणे. ना "शक्य तितक्या लवकर", ना "अधीन राहून". तोच बिल्डर, तोच रस्ता, पण पालिकेला लिहून देताना एक भाषा आणि आम्हाला लिहून देताना दुसरी.

मग आमच्या टॉवरला वापर परवाना म्हणजे ओसी मिळाली कशी? काका आणि मी अर्धा दिवस रजा टाकून फाईल बघायला गेलो तेव्हा ते कोडं सुटलं. तिथल्या ज्युनियर इंजिनीयरने खरंच मदत केली, फाईल उघडून नेमकं पान काढून दिलं. पार्ट ओसी. ए, बी, सी टॉवरना टप्प्याटप्प्याने, आणि दर वेळी ५०० च्या स्टँप पेपरवर एक हमीपत्र की रस्त्याचं काम शेवटच्या, म्हणजे डी टॉवरच्या वापर परवान्यापूर्वी पूर्ण करू. तीन हमीपत्रं, मजकूर तोच, तारीख फक्त वेगळी. यात बेकायदा काही नाही आणि आमची ओसी त्यामुळेच वेळेत आली हेही खरं, नाहीतर आम्हीच बोंब मारली असती. पण लक्षात आलं की बिल्डरची शेंडी आता फक्त एका जागी हातात आहे, डी टॉवरची ओसी, आणि ती एकदा गेली की मग फक्त पान ४१.

तुम्ही आत्ता कुठे बुकिंग करत असाल तर हे कागद बुकिंगच्या आधी मागा. सीसी महारेराच्या साईटवर अपलोड केलेली असते, पण लोक पहिलं पान बघतात, अटी मागच्या पानांवर असतात.

सातबारा मी ऑनलाईन काढला, डिजिटल सहीचा, १५ रुपये. रस्त्याखालच्या हिश्श्यावर पालिकेचं नाव लागलेलं, फेरफार नंबरासकट. म्हणजे पहिली अट पूर्ण. जागा कागदावर दिली होती, ताबा पावतीवर "रिकामा ताबा" असंही होतं. आता हा रिकामा ताबा आहे कुठे म्हणून एका रविवारी आम्ही चौघं ३० मीटरचा टेप आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन निघालो. काकांनी कंपाऊंडच्या कोपऱ्यापासून मापं टाकायला सुरुवात केली, खडूने खुणा करत करत पुढे गेलो, आणि एका ठिकाणी टेप सरळ जाऊन काचेच्या दाराला टेकला. सेल्स ऑफिस. आत एसी चालू, डी टॉवरची बुकिंग चालू. कारंजं, भिंतीवरचा नकाशा, आम्ही बसलो होतो तो करड्या रंगाचा सोफा, सगळं बरोब्बर रस्त्याच्या मध्यरेषेवर. वॉचमन विचारायला आला तर काका त्याला म्हणाले, "बाबा, तू रस्त्यात उभा आहेस."

टीडीआरचं गणित काकांनी बाकावर बसून पेन्सिलीने मांडलं ते इथे देतो, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की बिल्डरने बिचाऱ्याने जागा फुकट दिली. आमच्या लेआऊटमधला रस्ता १६० मीटर लांब, २० रुंद, म्हणजे ३,२०० चौरस मीटर. राज्याच्या २०१६ च्या टीडीआर धोरणात दाट वस्तीबाहेरच्या भागात रस्त्याची जागा दिली की दुप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे ६,४०० चौरस मीटर, जवळजवळ ६९ हजार चौरस फूट बांधायचा हक्क. तो स्वतःच्या प्रकल्पावर चढवा नाहीतर दुसऱ्याला विका. आणि किती चढवता येईल तेही प्लॉटसमोरचा रस्ता किती रुंद त्यावर ठरतं, आमच्या प्लॅनला ही प्रस्तावित २० मीटरच धरलेली. काकांच्या हिशेबाने आमचे वरचे काही मजले त्या रस्त्यानेच उभे केलेत. शिवाय रस्ता पालिकेच्या स्पेसिफिकेशनने बांधून दिला असता तर बांधकामाचा वेगळा टीडीआर होताच. तो त्याने मागितलाही नव्हता, डी टॉवर विकायला ऑफिसची जागा जास्त मोलाची वाटली असणार.

बिल्डरबरोबरच्या मीटिंगांबद्दल जास्त लिहीत नाही. चहा, बिस्किटं, "आपण पॉझिटिव्ह राहू". त्यांचं म्हणणं की पुढची ७० मीटर जागा शेजारच्या शेतकऱ्याची आहे, ती मिळाल्याशिवाय आमचे १६० मीटर बांधून उपयोग काय, रस्ता कुठेच जाणार नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण अट "लेआऊटमधून जाणारा" एवढीच होती, आणि त्यांचे १६० झाल्याशिवाय शेतकऱ्याच्या ७० साठी हलणार तरी कोण. महारेराच्या सलोखा मंचाकडे गेलो, तिथे दोन्ही पार्टी तयार असतील तरच बैठक होते, आमचा बिल्डर पहिल्यांदा तयार झाला आणि दुसऱ्या बैठकीला आलाच नाही. रेराखाली रीतसर तक्रार करायची तर ५,००० रुपये फी, वकील वेगळा, आणि वकिलाने पान ४१ वाचून जो चेहरा केला तो बघून आम्ही तो बेत जरा बाजूला ठेवला.

त्याऐवजी पालिकेच्या शहर विकास विभागाला दोन पानी पत्र दिलं. तक्रारीचा सूरच नाही. सीसीची अट क्रमांकासकट, तिन्ही हमीपत्रांच्या तारखा, सातबारा, आमच्या मापांचा नकाशा, सेल्स ऑफिसचे फोटो, आणि शेवटी एकच विनंती की डी टॉवरच्या वापर परवान्याचा प्रस्ताव येईल तेव्हा ही अट तपासली जावी. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवली. चार महिन्यांनी डी टॉवरचा प्रस्ताव गेला आणि अट अपूर्ण म्हणून परत आला.

आम्ही पेढे वाटले. आणि दोन दिवसांनी मला ऑफिसमध्ये माझ्याच शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "तुमच्याच सोसायटीने ओसी अडवली ना?" त्याचा फ्लॅट डी मध्ये, बाविसावा मजला. घराचा हप्ता चालू, भाडं चालू, बायको सातव्या महिन्यात, बाळ नवीन घरात आणायचं असं ठरलेलं. मला काय बोलावं सुचेना. डी वाल्यांच्या ग्रुपवर आमच्याबद्दल जे चाललं होतं त्याचे स्क्रीनशॉट त्यानेच दाखवले, स्वतः आत जाऊन बसले आणि मागून दार लावून घेतलं, असं. चुकीचं होतं असंही म्हणवत नाही. आम्हाला ओसी मिळाली ती रस्ता न होताच, आणि आता त्यांना मात्र रस्त्यासाठी थांबा. अट आमच्या वेळीच पाळली असती तर हा भार त्यांच्यावर आलाच नसता. बिल्डरने तर त्यांना सांगूनच टाकलं होतं की शेजारच्या सोसायटीने कळ लावली, आमच्या हातात काही नाही.

त्या आठवड्यात मी काकांना म्हटलं, पत्र मागे घेऊया का? ते खूप वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्यांना बोलव. कागद दाखव. मग ते म्हणतील तसं." क्लब हाऊसमध्ये मीटिंग लावली, साठेक जण आले, पहिली वीस मिनिटं नुसता आरडाओरडा. मग आम्ही प्रोजेक्टरवर हमीपत्र लावलं, डी टॉवरचं नाव असलेलं वाक्य पिवळं करून. एक बाई उठून म्हणाल्या, म्हणजे आमचं बुकिंग व्हायच्या आधीच यांनी आम्हाला गहाण टाकलं होतं? तिथून आवाजाची दिशा बदलली. सगळे वळले असं नाही, काही जण शेवटपर्यंत आमच्याशी बोलत नव्हते, एक जण आजही लिफ्टमध्ये मान फिरवतो. पण चाळीसेक जणांनी बिल्डरला एकाच मजकुराचं पत्र दिलं की रस्ता करा आणि आमचा ताबा द्या, उशिराचं व्याज आम्ही कलम १८ खाली मागणार आहोत. रेराचं कलम १८ म्हणजे वेळेत ताबा दिला नाही तर दर महिन्याचं व्याज. आमच्या दोन पानी पत्राने जे झालं नव्हतं ते या हिशेबाने झालं, कारण आता उशीर बिल्डरलाच महाग पडणार होता.

अकराव्या दिवशी सेल्स ऑफिस उतरवायला घेतलं. सोफा टेम्पोत चढवताना मी बाल्कनीतून बघत होतो.

पुढचं काम भराभर झालं. खोदाई, खडी, रोलर, दोन्ही बाजूला पावसाळी गटार. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी काका साईट इंजिनीयरशी भांडून आले की दर ५० मीटरवर आडवे पाईप टाकून ठेवा, नाहीतर उद्या कुणाला केबल टाकायची झाली, पाण्याची लाईन न्यायची झाली की नवा रस्ता फोडतील. ड्रॉइंगमध्ये नाही म्हणे. काका तिथेच खुर्ची टाकून बसले. चार पाईप पडले, आणि सहाच महिन्यांत इंटरनेटवाल्यांची केबल त्यातल्याच एकातून गेली. रस्त्यावरच्या दिव्यांचं मीटर मात्र आमच्या सोसायटीच्या नावावर लावून गेले होते हे आम्हाला बिल आल्यावर कळलं. १४ खांब, पालिकेच्या रस्त्यावर, बिल आमचं. हस्तांतरणाचा कागद होईपर्यंत पाच महिने भरलं. मेंटेनन्सच्या हिशेबात ते कुठल्या खात्यात टाकायचं यावर ऑडिटरने माझं डोकं खाल्लं. डी टॉवरला ओसी मिळाली. टेबलाशेजारचा मुलगा राहायला आला तेव्हा बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. मला वास्तुशांतीला बोलावलं त्याने, मी गेलो, थोडा अवघडूनच.

आता आमचे १६० मीटर एकदम चकाचक आणि शेवटाला निळा पत्रा. पत्र्यापलीकडे शेत, त्यापलीकडे २० मीटर रुंद रस्त्याचं दुसरं तोंड, तिथून घोडबंदर रोड दिसतो. मधल्या ७० मीटरचे मालक आगरी आजोबा, गावठाणात त्या पिवळ्या पट्ट्यांच्या भिंतीच्या मागे त्यांचं घर. त्यांना जागेच्या बदल्यात टीडीआर देऊ केलाय, पण ते म्हणतात, "मना कागद नको." रोख मोबदला हवा तर भूसंपादनाच्या वाटेने जावं लागेल, त्याला वेळ किती लागेल सांगता येत नाही. टीडीआर घेतला तर तो विकायचा कुणाला आणि आज भाव काय, हे त्या माणसाने कुठे विचारायचं? बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला म्हणे, भाव सांगितला तो त्यांच्या नातवाने ऐकूनच फेटाळला.

गेल्या महिन्यात पत्र्याच्या कडेची काटेरी तार त्यांनी स्वतःच सोडवून ठेवली, पायवाटेपुरती. शाळेची पोरं, सायकली, एखादी ॲक्टिव्हा जाते तिथून. मी आभार मानायला गेलो तर ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला, आणि आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यात पालिकेचं पत्र, मोजणीचा नकाशा, जुने सातबारे, सगळं घडी घालून. चष्मा नाही म्हणाले, तूच वाच. मी वाचायला लागलो. पहिल्याच पानावर ताब्याच्या अटी होत्या, मी काकांना फोन लावला आणि म्हटलं काका, पेन्सिल घेऊन खाली या.